तुटक रेषा

गिरणीच्या मागच्या बोळात लोखंडी झाकण सरकलं
तेव्हा आम्ही चौदा जण होतो,
आणि प्रत्येकाच्या डोक्यावर
आधीच्या तुकडीच्या घामाचं ओलं हेल्मेट.

ऋजुता भाटवडेकर, वय सव्वीस असावं,
कॉलरला छोटा माइक, बुटांवर मागच्या रविवारचा गाळ,
म्हणाली, पाय मोजून टाका, अठरा पायऱ्या आहेत,
सातवी नाही.

सातवी नाही, हे मला माहीत नव्हतं.
मी तीस वर्षं या भुयारावरून पेन फिरवलं,
ट्रेसिंग कागदावर, काळ्या शाईनं,
महापालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर
अमोनियाच्या वासात निघायच्या निळ्या प्रती.
रस्ता म्हणजे अखंड रेषा. ड्रेनेज म्हणजे रेषा आणि बाण.
आणि हा जुना नळ, तुटक.
तुटक म्हणजे आहे, पण दिसत नाही.
आज साडेतीनशे रुपये भरून
माझ्याच रेषेत उतरलो.

खाली गारवा. विटांचा, चुन्याचा,
कमानीच्या सांध्यांतून मुळं लोंबत होती,
ज्याची होती ते झाड वर आता नाही.
"वाका," ती म्हणाली, आणि चौदा पुणेकर
एकदम नम्र झाले.
"हा भाग कुणाच्या काळातला यावर तीन मतं आहेत.
चौथं माझं."

अन्वय नावाच्या पोरानं विचारलं, मगर आहे का.
नाही म्हटल्यावर
तो भिंतीला जीभ लावून बघू लागला.

एका उच्छ्वासाखाली थांबलो.
वर नाण्याएवढा उजेड,
आणि त्यातून सरळ खाली पडलेला
कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला आवाज,
"मीठ तूच घातलंस ना?"
उत्तर ऐकायला आम्ही सगळे थांबलो.
आलं नाही.

मी पावलं मोजत होतो. दोनशे बारा, दोनशे तेरा.
नकाशात इथून पुढे सरळ.
मार्चअखेरची दुपार होती,
रेषेला दोन टोकं होती, मध्ये कोरं,
आणि लिमकर साहेब पानाला चुना लावत म्हणाले,
"कोण उतरणारे तिथं? जोडून टाका."
मी पट्टी ठेवली. जोडलं.
शेजारी 'अंदाजे' लिहायचं राहिलं,
की लिहिलं आणि ब्लेडनं खरवडलं?
मला दोन्ही आठवतं.

भुयार डावीकडे वळलं.

वळलं म्हणजे सावकाश, बैलगाडी वळावी तसं,
कुठल्याशा खडकाचा मान राखून.
आणि वळणानंतर चार पावलांवर
छतातून आत, जमिनीतून आरपार,
सहा इंची लोखंडी पाइप,
भोवती फुटक्या विटांचे दात.
"बोअरवेल," ऋजुता म्हणाली, "वरच्या सोसायटीची.
रीतसर परवानगी होती.
नकाशात इथे काहीच नव्हतं ना."
कुणी च् च् केलं. कुणी फोटो काढला.

सगळे पुढे गेल्यावर मी पाइपवर तळवा ठेवला.
तेवढ्यात वर कुणीतरी मोटर लावली असावी.
लोखंड थरथरलं, माझ्या कोपरापर्यंत आलं,
आणि कितीतरी खोलातलं पाणी
या कोरड्या नळाच्या पोटातून
न थांबता वर गेलं.

"काका, मागे राहू नका.
पालिकेत होता का हो? पावलं मोजताय म्हणून विचारलं."
"बागखात्यात," मी म्हणालो.

वर ऊन, गिरणीत कुणाची तरी ज्वारी पडलेली.
निघताना एक कागद भरायचा होता,
नाव, फोन, सूचना.
सूचनांच्या चौकटीत मी पट्टीशिवाय रेषा काढली,
तुटक, डावीकडे वळणारी,
वळणावर पाइपसाठी एक टिंब,
कोपऱ्यात उत्तरेचा बाण.
शेजारी 'अंदाजे' लिहिलं
आणि पेन परत केलं.

नाव लिहायचं राहिलं.