पिवळं अस्तर

ऑगस्ट, तरी हेक्समची सकाळ बोटं गारठवणारी.
हिल्डा अंड्यांचे पुठ्ठे उलटतेय,
रात्रभर दिव्याला भुललेले पतंग
खळग्याखळग्यांत झोपलेत.

"हा? पाचोळाच की," मी म्हणते.
"डिवच."
काडी लागली मात्र,
मळक्या कोटाखालून हळदी अस्तर
भडकलं, काळ्या किनारीचं.
मिटलं. पुन्हा पाचोळा.

"ह्याची अळी हिवाळाभर मातीत.
उबदार रात्री वर येते.
रानचुका खाते, डँडेलियन, गवत,
आणि तुझा कोबी. बुडापासून कापते."

मार्चपासून मी गोगलगाईंना शिव्या घालतेय.

वहीत तिनं आकडा टाकला: एकशे बारा.
नाव नाही, नुसता पिवळा ठिपका.
मग पुठ्ठे उचलून निघाली
झटकायला, कुंपणापाशी,
माझ्या बाजूला.