घट

पोरगी म्हणाली, बाबा, आजपासून
गाडी एक तास उशिरा.
शिकागोत घड्याळं मागं केली.

कुणी केली?
सरकारनं.
आणि सूर्याला कळवलं का?
ती हसली नाही. झोप आली होती तिला.

तरी समजावलं तिनं,
मार्चात लोकांकडून एक तास काढून घेतात,
नोव्हेंबरात परत देतात.
व्याज?
नाही.
मग आठ महिने ठेवतात कुठं?
बाबा, मला झोपू दे.

बत्तीस वर्षं मी वाशीच्या कांदा-बटाट्यात.
पन्नास किलोची गोणी मानेवर आली
की सांगतो, आत ओला माल किती.
कांदा पडून राहिला की सुकतो, वजन उतरतं.
त्याला घट म्हणतात,
व्यापारी आधीच धरून चालतो.
मी धरली नव्हती.

आमचा हिशेब असा होता:
घणसोलीच्या कोपऱ्यावर गाडी सव्वापाचला,
साडेपाचला मी टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर.
मधे चहा, आणि ती सांगेल ते.
तिकडच्या कुठल्या डोरोथीबाईंचं
गुडघ्याचं बिल अडकलंय,
विमावाले तिसऱ्यांदा नाही म्हणाले,
बाई फोनवर रडल्या, मग हिलाच सॉरी म्हणाल्या.
पंधरा मिनिटं.
बापलेकीचं बोलणं तेवढ्यात मावतं,
जास्त झालं की लग्नाचा विषय निघतो.

मंगळवारी पहाटे सवयीनं दोन कप चहा टाकला.
तिच्या कपावर बशी झाकली.
सहापर्यंत थांबलो.
गाळ्यावर पोचलो तर पहिला ट्रक रिकामा झालेला.
मुकादम निकम म्हणाला, कुठं होतास?
म्हटलं, शिकागोत घड्याळ मागं केलं.
अख्खी टोळी हसली.
तेव्हापासून माझं नाव तेच.
ए शिकागो, पाठ दे.

आता वेळेवर निघतो.
बस कोपरखैरण्याला येते तेव्हा
समोरून, जुईनगरकडून, पांढऱ्या गाड्या येतात,
काचेला डोकं टेकून झोपलेली पोरं.
कुठल्याही गाडीत ती असेल.
मी दांडा सोडून हात वर करतो.
कंडक्टर घंटी मारतो,
त्याला वाटतं, मला उतरायचंय.

थर्मास आणला. म्हणाली, चहाला वास येतो.
मग ती फ्रिजवर चिठ्ठी ठेवायला लागली.
नळ साडेसहाला आला.
आईच्या गोळ्या संपल्या.
एकदा लिहिलं होतं, डोरोथीचं बिल पास.
एवढंच.
कसं, कुणी केलं, बाई काय म्हणाल्या,
ते चिठ्ठीत बसत नाही.
मी मार्चासाठी ठेवलंय.

मार्चातल्या त्या सोमवारी म्हणे
तिकडं सगळे डोळे चोळत कामाला जातात.
तासभर झोप गेली म्हणून
साहेबसुद्धा कुरकुरतो.
त्यांना कुणी सांगायला पाहिजे,
हरवला नाही तो.
घणसोलीत, दुसऱ्या मजल्यावर, ओट्यापाशी आलाय.
त्यातली पंधरा मिनिटं मी घेतो.
उरलेली पोरगी झोपते.