एक वॅट

अर्ज सतरा पानांचा.
पान दोन, प्रसारणाचा हेतू.
मी लिहिलं : किल्ल्यावर आलेल्याला पाणी कुठे मिळतं ते सांगणे.
कुशवाह साहेबांनी खोडून केलं :
पर्यटकांस उपयुक्त माहितीचे वितरण.
पाणी तिथेच सांडलं.

पान पाच, खांबाची समुद्रसपाटीपासून उंची.
आमच्या घराण्यात समुद्र पाहिलेले दोघंच.
त्यातला एक परत आला आणि म्हणाला, खारट आहे.
शेवटी रेल्वे स्टेशनच्या पाटीवरचा आकडा उतरवून घेतला,
त्यात डोंगर मिळवला,
त्यात तिकीटखिडकीचं पत्र्याचं छप्पर
आणि त्यावर तीन मीटर पाइप.
(भिंतीत खिळा ठोकायला पुरातत्त्वाची मनाई.
पोपटांना नाही.)

पान नऊ, भाषा.
हिंदी. इंग्रजी. तिसरी ओळ रिकामी.
मी मराठी लिहिलं, आधी पेन्सिलीने.
दिल्लीहून आठ महिन्यांनी पत्र :
तिसऱ्या भाषेची आवश्यकता स्पष्ट करावी.
मी कळवलं, उन्हाळ्यात सोलापूर-साताऱ्याकडून
आठवड्याला चार बसेस येतात.
छावणीतल्या दारांवरच्या पाट्या कळवल्या नाहीत,
आत आडनाव मराठी
आणि भांडण हिंदीत.

रामहेत बाथम चाळीस वर्षं गाइड.
त्याच्याकडे प्रत्येक दगडाच्या दोन गोष्टी.
सासू-सुनेचं देऊळ म्हणतो,
मग लगेच, असली नाम सहस्रबाहू, बाबूजी,
लोगों की ज़बान घिस गई.
मंजुरीसाठी मजकूर दोन प्रतींत हवा होता.
कुठलं नाव ठेवू, मी विचारलं.
तो म्हणाला, ज्याला ऊन लागतंय त्याला छोटी गोष्ट,
सावलीत बसलाय त्याला मोठी.
अर्जात उन्हाचा रकाना नव्हता.

रामहेतचा आवाज बसलेला, म्हणून रेकॉर्डिंग माझं.
तो शेजारी स्टुलावर बसून
मी चुकलो की नुसता खोकायचा.

साडेतीन वर्षांनी तपासनीस आले.
एक वॅट.
घरातला झिरोचा बल्बसुद्धा पंधराचा असतो.
त्यांनी गाडीतला रेडिओ लावला,
उरवाई दरवाज्यापासून खाली निघालो.
मूर्तींच्या वळणावर मी स्पष्ट ऐकू येत होतो :
पायऱ्या गुळगुळीत आहेत.
दरवाजा ओलांडला, आवाजात खरखर आली,
छावणीच्या तोंडाशी मी अर्धा,
फूलबागेपर्यंत फक्त वारा.
त्यांनी आवाज वाढवून पाहिला, गाडी थांबवून पाहिली,
मग पहिल्यांदाच हसले.
उत्तम. काहीच ऐकू येत नाही.
बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

माझ्या आयुष्यात असं कौतुक
यापूर्वी कोणी केलं नव्हतं.

परवाना आता तिकीटखिडकीत काचेमागे आहे.
त्याच्या मागे पाल राहते.
सकाळी सहा ते संध्याकाळी सहा मी डोंगरभर बोलतो,
स्वच्छतागृह उजवीकडे, माकडांना काही देऊ नका,
आणि खाली कोणाला पत्ता नाही.
बाजारात भाजीवाला मला अजून
टेलिफोनवाले काका म्हणतो.

फक्त एक.
आमच्या गच्चीवर, टाकीच्या पश्चिमेला,
लोखंडी शिडीला पाठ टेकवून
एरियल किल्ल्याकडे धरली की
दुपारी एक वाक्य येतं.
मालतीने शोधलं ते, पापड वाळत घालताना.
मागचं-पुढचं काही नाही, तेवढंच :
जपून उतरा.
ती रोज खाली येताना कठड्याला धरते
आणि मला म्हणते, बरं.

परवान्याच्या अट क्रमांक अकरानुसार
हद्दीबाहेर ऐकू आल्यास
पंधरा दिवसांत लेखी कळवायचं असतं.
आज तेरावा दिवस.
पापड अजून ओले आहेत.