खोकल्याची जागा

घणसोलीत, साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरची इमारत,
पहिल्या मजल्यावर माझा स्टुडिओ.
भिंतींना अंड्यांचे ट्रे. खाली हार्डवेअरचं दुकान.
खाली पाइप कापायला लागले
की वर आम्ही थांबायचं.

पोशीबाय आली ती माईककडे पाठ करून बसली.
"हलद दलताना म्होरं जातं लागतं,
यो दांडा नको मना."
मग तिच्या नातवानं, केतननं,
खालून रंगाचा रिकामा डबा आणला.
झाकणावर तळवा फिरवत ती धवला गायली,
खारीचे बांदाव कोनाची लेक गो
आणि बांगड्या पत्र्यावर घासत राहिल्या.
तो आवाज मी आधी काढणार होतो.

तिसऱ्या कडव्यात ती खोकली.
तळवलीच्या मिठागरात अनवाणी काढलेली वर्षं
एकदम वर आली असावीत.
मी पडद्यावर तो डोंगर निवडला,
पुसला.
पावणेदोन सेकंदांचं भोक उरलं.
केतन म्हणाला, राहू दे तसंच,
पुढं बेंजो उचलू, खाली बेस,
आणि खारघरच्या त्या मुलीची गिटार.

पहिल्या महिन्यात दोनशे चौदा जणांनी ऐकलं,
त्यातले निम्मे भोईरच.
मग कुठल्याशा हळदीत, नेमक्या त्या भोकात,
एक नवरदेव पाटासकट मागं पडला,
आणि तो पडलेला सगळ्यांनी पाहिला.
त्यानंतर मोजणं माझ्या हातात राहिलं नाही.
वाशीच्या मॉलमध्ये, लुधियानाच्या जिममध्ये,
नागपूरच्या शाळेत फेटे बांधलेली पोरं:
पावणेदोन सेकंद
हात वर, श्वास धरलेला,
मग बेंजो.

एका मुलाखतीत विचारलं, ही शांतता सुचली कशी?
मी म्हणालो, सुचली.

केतननं गाडी घेतली. गिटारवाली बंगलोरला गेली.
पोशीबायला साडी, पाकीट, आणि एक फ्रेम
जिच्यावर तिचं नाव पौशीबाई छापलंय.
डी-मार्टात साबणाच्या रांगेत उभी असताना
वरून तिचाच आवाज आला तेव्हा
तिनं केतनला एवढंच विचारलं,
"रोज कोनाची हलद हाय रं?"

परवा रबाळ्याला खरीच हळद होती.
ट्रकभर डीजे, मांडवाच्या कडेला
प्लास्टिकच्या खुर्चीत ती, पाय वर घेऊन.
गाणं तिसऱ्या कडव्याशी आलं.
सगळे हात वर गेले.
त्या गप्प जागेत
खुर्चीतून एक खोकला आला,
जिथला तिथं.

मग बेंजो.
कुणाच्या कानावर गेलाही नसेल.
मी घरी येऊन जुनी डिस्क लावली.
त्या दिवशीची फाईल आहे अजून,
नाव मीच दिलेलं:
पोशीबाय, तीन, खराब.