करंगळीच्या बाजूचं दार

चाळीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या
क्वाय चुंगच्या सरकारी इमारतींत.
बटण दाबायचं, थांबायचं, कान द्यायचा:
दोर कुरकुरतो का,
पेटी मजल्याच्या दोन बोटं खाली थांबते का.
निवृत्त झालो, आणि माझी झोप
कुठल्याशा दोन मजल्यांच्या मध्ये अडकली.

तेविसाव्या मजल्यावर उताणा पडून
बंदरातल्या क्रेनचे भोंगे मोजायचो.
एक कंटेनर. दुसरा.
शेजारी लाय-सिम, भिंतीकडे तोंड करून,
श्वास असा की त्यावर घड्याळ लावावं.
आधी तिचा हेवा वाटायचा, मग राग.
अर्ध्या फळीच्या पलंगावर
माणसानं इतकं निवांत असावं?

गुरुवारी समाजकेंद्रात मिस थाम शिकवायची.
आम्ही अठरा जण, सगळ्यांच्या डोळ्यांखाली
कपात विसरलेल्या चहाचा रंग.
"दुसऱ्याकडून दाबून घ्यायचं नाही, याउ काका.
तुमचाच अंगठा, तुमचंच मनगट."

मनगटाच्या घडीवर, करंगळीच्या बाजूला
एक खळगा असतो, त्याला म्हणतात आत्म्याचं दार.
घोट्याच्या आतून चार बोटं वर
तीन वाटा भेटतात.
तळपायात उसळता झरा,
आणि कानामागच्या हाडाशी
जागेचं नावच निवांत झोप.
ते ऐकून मला जांभई आली.
भर दुपारी, वर्गात. तेवढीच.

घरी मी जोर लावला.
अडकलेलं दार म्हटलं की हात पहारीकडे जातो,
जन्माची खोड.
मनगट जांभळं पडलं.
मिस थामनं ते उलटसुलट करून पाहिलं.
"धडका कशाला मारता?
आत कोणी आहे का, एवढंच विचारा."

रोज वहीत लिहायचं, डोळा कधी लागला.
मी मेकॅनिक माणूस, खोटी नोंद करत नाही.
दोन चाळीस. एक पन्नास. तीन दहा.
एक ओळ कोरी, तिथे डाग आहे सोया सॉसचा.
पुन्हा दोन चाळीस.

सहाव्या आठवड्यात,
क्रेनचा दिवा पडद्यातून फिरून गेला तेव्हा
पांघरुणात काहीतरी हललं.
माझा हात नव्हता तो.
लाय-सिमचा अंगठा, तिच्याच डाव्या मनगटावर,
दाबत होता, सोडत होता,
आणि श्वास तसाच, घड्याळ लावावा असा.

"केव्हापासून?"
"तुझी वही वाचली तेव्हापासून."
"आणि झोप? ती केव्हापासून नाही?"
ती भिंतीशी बोलल्यासारखी बोलली.
"तुला रात्रपाळी लागली तेव्हापासून.
दोराचं काम. फोन वाजेल असं वाटायचं."
थोड्या वेळानं:
"मग तू घरी झोपायला लागलास,
आणि मी हलले तर तू उठशील, असं वाटायचं."

सव्वीस वर्षं.
मी मनातल्या मनात मजले मोजले, जमेना.
बोलायला काही सुचलं नाही म्हणून म्हणालो,
"तू चुकीच्या जागी दाबतेस.
दार शिरेच्या या बाजूला आहे."

दाबलं नाही मी. नियम तो नियम.
नुसता तिचा अंगठा
तांदळाच्या दाण्याएवढा सरकवला.
"इथे?"
"इथे. ठणकतंय?"
"ठणकतंय."

मग आम्ही दोघं, आपापलं मनगट धरून,
एकाच पांघरुणाखाली
दोन वेगळ्या दारांशी उभे.
खाली कोणीतरी लिफ्ट बोलावली.
दोन नंबरची, आवाजावरून ओळखतो मी,
दार घासतंय तिचं, उद्या कंपनीला फोन
करायला हवा, म्हणजे वंगण नाही, रूळच
बदलायला

वहीत त्या रात्रीची ओळ
माझ्या अक्षरात नाही.
बारा पंचावन्न, असं लिहिलंय,
आणि पुढे बारीक:
आधी हा.