नॉर्मल की थंड

लांजेवार सर म्हणाले, वरून कागद आलाय,
पुढल्या महिन्यापासून रिपोर्ट मराठीतून.
हिमोग्लोबिनचं हिमोग्लोबिनच राहू द्या,
फक्त शेवटच्या रकान्यातल्या त्या शब्दाला
काहीतरी शोधा, मॅडम.

अकरा वर्षं तो शब्द टाइप करतेय मी
धंतोलीतल्या या तळघरात, कूलरच्या तोंडाशी.
आता तर नुसता एन दाबला
की उरलेला आपला आपण येतो.

'सामान्य' लिहून पाहिलं.
कंपाउंडर म्हणाला, कोण सामान्य? पेशंट की लघवी?
'सर्वसाधारण' रकान्यात मावेना,
सर्वसा वर राहिला अन् धारण घसरला
खाली, क्रिएटिनिनच्या डोक्यावर.
'प्रकृत' वाचून सरांनीच विचारलं, म्हणजे?
'योग्य' म्हटलं तर वाटलं,
रक्ताची मुलाखत घेऊन त्याला नोकरीवर ठेवलं.
मग 'ठीक'. पण ठीक म्हणताना आमच्याकडे
एक खांदा जरासा उडतो.
तो कागदावर कसा उडवायचा?

दुपारी बाहेर पंचेचाळीस पॉइंट सहा.
चौकातल्या खानावळीतला पोरगा
टेबल पुसता पुसता विचारतो,
पाणी नॉर्मल की थंड?
रस्सा नॉर्मल की तेज?
याच नॉर्मल रश्शाने पुण्याच्या जावयाला
भर पंगतीत रडवलं होतं,
आणि याच नॉर्मल पाण्यात आत्ता
चहापत्ती टाकली तर रंग सुटेल.
माझी बहीण कुंदा नॉर्मल झाली,
हे आई अजून कौतुकाने सांगते.
बावीस तास ओरडली, ते सांगत नाही.

शुक्रवारी कौतिकाबाई सोनकुसरे आल्या,
पाचपावलीहून, एकट्या,
पोटावर एक हात, पावती कनवटीला.
रिपोर्ट उलटा धरला, मग सुलटा.
काय लिहून हाये, बाई?
नॉर्मल, आजी.
म्हंजे?
जसं असाले पाह्यजे तसं.
म्हंजे काईच नाही सापडलं?
नाही.
मंग दुखून काऊन राह्यलं?

कूलरमधलं पाणी संपलं होतं,
नुसता पंखा फिरत होता, कोरडा.
मी बेरीज नसलेल्या ठिकाणी
पुन्हा आकडे पाहिले. सगळे दोन रेघांच्या मधे,
शाळेच्या रांगेत उभे असल्यासारखे.

लिहून दे न मंग, त्या म्हणाल्या,
इतलं इतलं पाह्यलं, त्यात नाही गवसलं.
बाकी दुखते थे खरं हाये म्हून.
सून म्हणते, सोंग करून राह्यली बुढी.
आता हा कागद तिले दाखवू का लपवू?

मी म्हटलं, असं लिहिता येत नाही, आजी.
त्यांनी कागदाच्या चार घड्या केल्या,
साडेसातशे रुपयांच्या वस्तूच्या करतात तशा, सावकाश,
आणि उन्हात गेल्या.

सोमवारी मी रकान्यात लिहिलं,
'पाहिलं तेवढ्यात आढळलं नाही'.
सर म्हणाले, शब्द मागितला होता, मॅडम,
तुम्ही वाक्य आणलं.
आता 'सामान्य' येतो. सा दाबला
की उरलेला आपला आपण.

फक्त एक डुप्लिकेट कॉपी माझ्या खणात आहे,
सोनकुसरे, स्त्री, वय अडुसष्ट.
तिच्यावर मी पेनाने लिहिलंय, दुखतं.
खाली सही नाही. माझी चालत नाही.
त्या पुन्हा आल्या तर देईन म्हणते,
आल्या नाहीत.

रात्री घरी पायांची बोटं सुजलेली,
स्टँडवर गाडी लावताना दोनदा निसटली.
प्रमोद फ्रिज उघडून उभा,
उजेड त्याच्या बनियनवर,
काय देऊ? नॉर्मल की थंड?

मी नुसता हात पुढे करते.