नख

इलाहीमामू म्हणाले, "हात लावू नगंस."
मी लावला.
बॉनेटच्या राखाडी प्रायमरात
अंगठ्याचं नख रुतलं, गुळाच्या ढेपेत रुतावं तसं.

चार दिवस झाले होते मारून.
उद्यमनगरात डिसेंबर, पहाटे पत्रा इतका गार
की हात चिकटेल.

"चार दिस तू मोजलास, पत्र्यानं न्हाई.
रातच्याला त्यो झोपतोय.
हवा काय बघतोस? लोखंड बघ."

आणि हार्डनर मी अंदाजानं ओतला होता,
आमटीत मीठ टाकावं तसा.
मिसळून अर्धा तास थांबायचं असतं,
मी गन घेऊन उभाच.

पॉलिश पेपर फिरवला तर नुसत्या चिकट वळ्या.
दोन दिवस खरवडलं, थिनरनं डोळे चुरचुरले,
हेराल्ड पुन्हा उघडी.

दुसऱ्या खेपेला मामूंनी डब्यात पट्टी बुडवून माप घेतलं,
घड्याळ खिळ्याला टांगलं,
चहा मागवला. मग आणखी एक.
पातळ हात मारला. थांबले. दुसरा मारला.
मग गाडी ढकलत नेली मागच्या भिंतीशी,
जिच्या पलीकडं बुधल्यांची फाउंड्री
रात्रभर रस ओतते.
भिंत कोमट असते. तिचं भाडं कोण मागत नाही.

आठव्या दिवशी नख सरकलं, नुसता आवाज आला.

रंग चढून आता वर्ष झालं,
गाडी गगनबावड्याचा घाट चढून आली.
बॉनेटच्या आत, बिजागरीच्या मागं,
रुपयाएवढी जागा मामूंनी खरवडू दिली नव्हती.

तेल बघायला बॉनेट उघडलं की
बोट आपोआप तिकडं जातं.
अजून रुततं.